रिकाम्या पिंपाची पंगत

दहिवलीच्या नाक्यावर उभं राहून कुणालाही विचारा, "ती समुद्रावर गेलेली पोरगी कुठं राहते हो?" पत्ता राहील बाजूला, माणूस तुम्हाला चहा पाजून तिची गोष्ट ऐकवील. एक सांगेल, हर्षलानं वादळात जहाज वाचवलं. दुसरा म्हणेल, वादळाचं काय घेऊन बसलात, तिनं शार्क हाकलला. गावानं तिच्या स्वागताचा फ्लेक्स लावला होता, त्यावर तिच्या मागं छापलेलं जहाज तर तेलाचा टँकर होता, आणि तिच्या फोटोपेक्षा मोठे फोटो शुभेच्छुकांचे होते. आमच्या लोकांना खरं सांगितलं तर पचत नाही, त्याला फोडणी लागतेच.

वादळ आलंच नव्हतं. उलट वारा पडला होता, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. त्या भानगडीत हर्षलानं जे केलं ते फ्लेक्सवर छापण्यासारखं नाही, कारण त्याची सुरुवात तिच्याच एका घोडचुकीनं होते. पण माणूस ओळखायचा तर तो असाच ओळखावा. शार्क काय, कुणीही हाकलील.

हर्षलाचं घर दहिवलीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. पिढ्यानपिढ्या भातशेती. बाप मनोज रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, शेत आजा बघतो. आज्याचं नाव आबाजी, आजीचं विमलबाई. घरापासून समुद्र तसा फार लांब नाही, पण हर्षलानं तो पाहिलेला एकदाच, शाळेच्या अलिबाग सहलीत, आणि तेव्हाही बाईंनी घोट्यापर्यंतच जाऊ दिलं होतं. पोहायला शिकली ती उल्हास नदीच्या डोहात, म्हशीचं शेपूट धरून. पुढं कर्जतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं. तिथं एक दिवस सरांनी वर्गात सांगितलं, की 'चित्रा' नावाचं एक शिडाचं जहाज समुद्रकिनाऱ्यावर नसलेल्या कॉलेजांतली मुलं घेऊन लक्षद्वीपच्या बेटांमधून फिरणार आहे. जहाजावरची सगळी कामं मुलांनीच करायची आणि बेटांभोवतीच्या प्रवाळाचा अभ्यास करायचा. हर्षलानं त्याच दिवशी अर्ज केला. तिच्याबरोबर खालापूरकडच्या ऋतिकनंही केला. प्रवाळाची ओढ त्याला एकाएकी कशी लागली याची कॉलेजात बरीच चर्चा झाली, ती इथं नको. दोघांचीही निवड झाली.

घरी विमलबाईनं कपाळाला हात लावला. "मिठाच्या पान्यात काय शिकायचं गं? आपल्याकडं गोडं पानी कमी हाय का?"

आबाजी पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता. तो मान वर न करता म्हणाला, "जाऊं दे तिला. फकस्त मधनंच पळून येऊं नको गं पोरी. गेलीस तर पुरी जा."

पुरी जाते, असं हर्षला म्हणाली खरी. पण कोची बंदराचा दिवा मागं पडला आणि तिच्या पोटातलं सगळं वर आलं. बाकीची पोरं एक-दोन दिवसांत सावरली, ही काही सावरेना. तरी पाळी तिनं एक चुकवली नाही. कमरेला दोरीनं प्लॅस्टिकचा डबा बांधायची, शीड ओढायची, मधेच वळून डब्यात ओकायची आणि परत दोर धरायची. जहाजाचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, हसनकाका म्हणून मिनिकॉय बेटावरचे म्हातारे होते. त्यांनी उभ्या आयुष्यात बोट लागून आडवे पडणारे पुष्कळ पाहिले होते, पण डबा बांधून कामाला उभी राहणारी ही पहिलीच. ते तिला 'डब्बेवाली' म्हणायला लागले आणि जहाजभर तेच नाव झालं.

आयुष्य मात्र मोठं झकास होतं. दिवसरात्र पाळ्या लावलेल्या. कुणी सुकाणूच्या चाकावर, कुणी शिडांच्या दोरांवर, कुणी खाली स्वयंपाकघरात. दुपारी डेकवर ताडपत्री ताणून तिच्या सावलीत वर्ग भरायचा, आणि जहाजावरचे सर शिकवत असताना उडणारा मासा वहीवर येऊन पडला की वर्ग सुटायचा. बेट आलं की तोंडाला काच लावून पाण्यात उतरायचं आणि कुठलं प्रवाळ जिवंत, कुठलं पांढरं पडलंय, ते टिपायचं. पाण्यात उतरली की हर्षलाची मळमळ पार पळायची. खाली निळ्या-पिवळ्या माशांची जत्रा भरलेली असायची. पहिल्यांदा ती वर आली तेव्हा काच काढून ढसाढसा रडली होती. का रडतेस, असं विचारलं तर तिला सांगता येईना. इतकं सुंदर काही आपल्यासाठी ठेवलेलं असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

तिच्याच पाळीत येवल्याकडची सुरभी होती. अभ्यासात सगळ्यांच्या पुढं, डोलकाठीवर चढण्यात सगळ्यांच्या पुढं, आणि बोलण्यात तर विचारूच नका. गाठ चुकली की ती तुमच्या हातातून दोर काढून घ्यायची आणि तुमच्याकडं न बघता बरोबर बांधून परत द्यायची. पोरं तिला वचकून असत. ही पोरगी कशाला भीत नाही, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मिनिकॉयचं काम आटोपून 'चित्रा' उत्तरेला कल्पेनी बेटाकडं निघाली. मुख्य पाहणी तिथंच होती. कल्पेनीची परवानगी ठरावीक दिवसांची होती. ते दिवस हुकले तर जहाज सरळ कोचीला परतणार आणि सगळ्यांचा अभ्यास अर्ध्यावर राहणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि नेमका वारा पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली. त्यात इंजिन बिघडलं, आणि इंजिनावर चालणारं, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्रही त्याच्याबरोबर गेलं. संध्याकाळच्या हजेरीला कॅप्टन जोसेफ यांनी शांतपणे सांगितलं, की टाकी संपली आहे. टाकीतलं उरलंसुरलं पाणी स्वयंपाकघरातल्या दोन निळ्या पिंपांत भरलंय. आपल्याकडं आता तेवढंच. उद्यापासून मोजून मिळेल.

त्या वेळी हर्षला हजेरीच्या रांगेत होती, पण तिचं डोकं कठड्याच्या बाहेर होतं आणि कान पोटाकडं लागलेले. तिला काही ऐकू गेलं नाही. ऋतिकला वाटलं, ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराची पाळी त्या दोघांची. ऋतिक उठला नाही, हर्षलानं त्याला उठवलंही नाही. ती एकटीच खाली उतरली. पिंपांत कालचं पाणी होतं.

आमच्याकडच्या घरात वाढलेल्या माणसालाच कळेल तिच्या हातांनी पुढं काय केलं ते. सकाळी उठल्यावर पहिलं काम, रात्रीचं शिळं पाणी ओतून टाकायचं. तुळशीला घाला, गुरांना घाला, पण माणसाला द्यायचं नाही. हंडा लख्ख घासायचा, ताजं भरायचं आणि मग घरात चहाला आधण ठेवायचं. शिळं पाणी पाजणाऱ्या घरात विमलबाई मुलगी देत नाही, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. हर्षला हे काम कळत्या वयापासून करत आली होती. जहाजावरही आपल्या पाळीला करायची, आणि टाकी भरलेली असायची तोवर ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. डोळे धड उघडले नव्हते, पोट ढवळत होतं, पण हात आपले काम करत होते. तिनं दोन्ही पिंपं मोरीत रिती केली. समुद्राच्या पाण्यानं, काथ्यानं घासून चकचकीत केली. उपडी घालून निथळवली. मग ताजं भरायला टाकीचा हातपंप मारला.

पंपातून नुसती हवा आली. तिनं पुन्हा मारला. पुन्हा हवा.

तेवढ्यात ऋतिक डोळे चोळत खाली आला. त्यानं उपडी पिंपं पाहिली आणि त्याची झोप खाडकन उडाली. "हर्षला, पानी कुठं गेलं गं?"

"शिळं होतं. वतलं."

ऋतिक मटकन खालीच बसला. काल हजेरीला काय झालं ते त्यानं तिथंच बसून सांगितलं. हर्षलानं उपड्या पिंपांकडं पाहिलं. सगळ्या जहाजाचं पाणी आपण मोरीत घातलं, आणि वर भांडी घासली!

ऋतिक वाईट पोरगा नाही. पण जिवावर आलं की माणसाचं डोकं वाकड्या वाटेनंच आधी धावतं. तो कुजबुजला, "आयक. रात्री बोट कलली आन् पिंपं पडली, असं सांगू. कोनाला कळतंय?"

"आन् घासली कोनी? समुद्रानं?"

हर्षला तशीच ओल्या हातांनी वर गेली आणि तिनं कॅप्टनचं दार वाजवलं.

कॅप्टन जोसेफ यांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "क्यूँ फेंका?" आणि हर्षलानं आपल्या मोडक्या हिंदीत शिळ्या पाण्याची रीत समजावून सांगितली. असली रीत समुद्राच्या मधोमध उभं राहून सांगताना ती किती खुळी वाटते, हे तिला सांगता सांगताच कळत होतं.

न्याहारीला सगळी डेकवर जमली. कॅप्टननी झालं ते नाव घेऊन सांगितलं. मग म्हणाले, "मुलांच्या बाटल्यांत थोडं पाणी आहे. मिनिकॉयच्या लोकांनी निरोपाला दिलेली शहाळी आहेत. जीव वाचवायच्या तराफ्यातलं राखीव पाणी मी फोडणार नाही, ते संकटासाठीच आहे. मागं मिनिकॉय एका दिवसावर. पुढं कल्पेनी, पहाटे धरलेली ही झुळूक अशीच राहिली तर दोन दिवस. पुढं गेलो तर प्रत्येकाला मोजका पेला मिळेल. मरणार कुणी नाही, पण जीभ टाळ्याला चिकटेल. मी हुकूम सोडू शकतो, पण हुकमानं कुणाची तहान भागत नाही. म्हणून सगळ्यांनी हो म्हणून हात वर केला तरच पुढं. एकानंही नको म्हटलं तर मागं, आणि त्याला कारण विचारायचं नाही."

डेकवर कुजबुज सुरू झाली. हर्षलाला उभं राहवेना आणि बसवेनाही. आपल्यापायी ही सगळी घरी परत जाणार, हा एकच विचार तिच्या डोक्यात घण घालत होता. मग ती पुढं झाली आणि म्हणाली, "सर, हात वर करायच्या आधी मला एकदा पंगतीत फिरू द्या."

कॅप्टनना पंगत म्हणजे काय ते कळेना. हर्षलानं सांगितलं. तिच्या गावात लग्नाचा वाढपी आबाजी. गावची पंगत उठवावी तर त्यानंच. एका लग्नात त्याचा अंदाज चुकला आणि शेवटच्या पंगतीला आमटी संपली. दुसरा कुणी असता तर मांडवामागं जाऊन बसला असता. पण आमच्याकडची रीत वेगळी आहे. ज्याच्या हातून कमी पडलं त्यानं रिकामी बालदी घेऊन पंगतभर फिरायचं, प्रत्येक पानापुढं थांबायचं, आणि संपली म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगायचं. समोरचा जे बोलेल ते ऐकून पुढच्या पानावर जायचं. आबाजी गेला होता. नवऱ्याच्या मामानं त्याला नाही नाही ते सुनावलं होतं. हर्षला तेव्हा लहान होती, मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, आणि आपल्या आज्याचा तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता इतका अभिमान वाटला होता.

कॅप्टननी मान हलवली.

पोरं दोन्ही बाजूंना ओळीनं बसली होती. हर्षलानं त्या घासलेल्या रिकाम्या पिंपांतलं एक उचललं आणि ती पहिल्याच्या पुढं उभी राहिली. "पाणी माझ्या हातून गेलं. संपलं." तो बिहारचा मुलगा नुसता बघत राहिला. पुढची कोईमतूरची मुलगी आधी हसली आणि मग रडायला लागली. एकानं आपल्या भाषेत काहीतरी हासडलं. हर्षलाला शब्द कळले नाहीत, पण शिवी कुठल्याही भाषेत कळतेच. ती पुढं सरकली. प्रत्येकापुढं तेच वाक्य, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जड.

ऋतिकच्या पुढं आली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "माझीबी चूक हाय. मी झोपून राह्यलो."

"तुझं तू सांग रं. मी माझं सांगते."

शेवटी राहिली सुरभी. ती ओळीत नव्हती, चाकावर होती, कारण वारा असो नसो, सुकाणू सोडता येत नाही. हर्षला पिंप घेऊन मागच्या बाजूला गेली आणि तिनं आपलं वाक्य म्हटलं.

सुरभीनं तिच्याकडं पाहिलं नाही. समोर होकायंत्रावर नजर ठेवून म्हणाली, "आमच्याकडं टँकर येतो. शाळा बुडवून हंडा घेऊन उभं राहायचे मी. चार दिवसांच्या पाण्याला आम्ही शिळं म्हणत नाही. पाणी म्हणतो."

हर्षला पिंप घेऊन तिथंच उभी राहिली, कारण पुढचं पान नव्हतं.

कॅप्टननी हात वर करायला सांगितलं. आधी ऋतिकचा गेला, मग कोईमतूरच्या मुलीचा, मग शिवी देणाऱ्याचाही. एकेक करत सगळ्यांचे गेले.

"सुरभी?"

"नाही, सर."

कॅप्टन बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस. त्यांनी कारण विचारलं नाही. "ठीक. मागं फिरू या. दोरांवर चला."

जहाज फिरवायचं तर शिडं या बाजूची त्या बाजूला घ्यावी लागतात. हर्षलानं पिंप खाली ठेवलं आणि दोरावर पहिली जाऊन उभी राहिली. तिथं आत्ता, तिच्याच हातांनी, कल्पेनी मागं पडणार होतं. पांढरं पडलेलं प्रवाळ, राहिलेली पाहणी, आबाजीला दिलेला शब्द, सगळंच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. पण दोर तिनं असा धरला होता की मागच्या दोघांना ओढायला काही उरलं नसतं. हसनकाका तिच्याकडं पाहत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या चुकीनंतर लपणारे पाहिले होते, भांडणारे पाहिले होते. आपल्या चुकीची शिक्षा स्वतःच ओढायला पहिल्या उभ्या राहिलेल्या या पोरीला काय म्हणावं ते त्यांना सुचेना.

"चाक डावीकडं," कॅप्टननी हुकूम दिला.

सुरभीनं चाक फिरवलं नाही.

"सुरभी. चाक डावीकडं."

सुरभी दोरावरच्या हर्षलाकडं बघत होती. मग ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "सर, मला तिचा राग आलाय, पण नकार मी त्या रागापायी दिला नाही. मला भीती वाटते. तहानेची. लहानपणी टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडले होते, तेव्हापासून. बाटली अर्ध्यावर आली तरी माझं काळीज धडधडतं. हे सांगायची मला लाज वाटत होती. तिनं एवढ्या जणांसमोर स्वतःचं सांगितलं, आणि मला एवढंसं सांगता येईना."

ही पोरगी कशाला भीत नाही म्हणणाऱ्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

दोर न सोडता हर्षला म्हणाली, "मग पहिला पेला तुझा. रोज. बाकी कोनाच्याबी आधी."

"आणि तुझा?"

"वाटनारीचा शेवटी असतो गं."

कॅप्टननी हळूच विचारलं, "तर मग? हात?"

"हात चाकावर आहेत, सर. वर कसा करू?" सुरभी म्हणाली. "जहाज चाललंय तसंच चालू द्या."

कॅप्टननी हसनकाकांकडं पाहिलं आणि दोर सोडायची खूण केली. मुलांनी आपापल्या बाटल्या आणून त्या रिकाम्या पिंपात ओतायला सुरुवात केली. हर्षलानं पहिलं शहाळं फोडलं, स्टीलच्या पेल्यात काठापर्यंत पाणी घेतलं आणि ती ते न सांडता मागं घेऊन गेली. सुरभीचे दोन्ही हात चाकावरच होते. म्हणून हर्षलानं पेला तिच्या ओठांना लावला, आणि ती पिऊन होईपर्यंत तसाच धरून उभी राहिली.